डावीकडचा दुसरा दात

फोन आला तेव्हा तो कुणाच्या तरी खालच्या कवळीला मोटरच्या कापडी चाकावर चकाकी आणत होता. मोटर चालू असताना फोनवरचं काही ऐकू येत नसे, आणि हातातलं काम अर्धवट टाकून मोटर बंद करणं त्याच्या जिवावर येई, म्हणून फोन पहिल्यांदा वाजून थांबला, दुसऱ्यांदा वाजून थांबला, आणि तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यानं मोटर बंद केली आणि ओला हात ॲप्रनला पुसून तो उचलला. पलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या कवळ्या गेली बारा वर्षं तोच बनवत होता. "मास्तर, जरा येऊन जाल का? एक बाई खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत." त्यानं विचारलं, टोचतंय का, हलतंय का, चावताना सुटतंय का. तीस वर्षांत कवळीबद्दल याहून वेगळी तक्रार त्यानं ऐकली नव्हती. "तसलं काही नाही हो. बसलीय अगदी चपखल. पण त्या म्हणतात, हे हसू माझं नाही." डॉक्टरीणबाई हे सांगताना हसू दाबत होत्या. त्यालाही त्यात हसण्यासारखं काहीतरी आहे असं वाटलं, पण हसायचं राहून गेलं.

कवळ्या करणाऱ्यानं पेशंटसमोर जाण्याची पद्धत नव्हती. दवाखान्यातून माप यायचं, त्यात प्लास्टर ओतून तो जबडा तयार करायचा, त्या जबड्यावर मेणात दात बसवायचे, ते पसंत पडले की कवळी पक्की करून डब्यात घालून पाठवायची. डब्यावर नंबर असे, नाव नसे. गावातल्या हजारएक तोंडांच्या टाळूवरच्या रेघा त्याला पाठ होत्या, पण त्यांतलं एखादं तोंड रस्त्यात समोर उभं राहून बोलू लागलं असतं तर त्याला ते ओळखू आलं नसतं. त्याला हे बरं वाटे. म्हणून दवाखान्यातल्या त्या उंच खुर्चीत बसलेल्या धिप्पाड, हसतमुख बाईंसमोर तो हातात टोपी घेऊन उभा राहिला तेव्हा शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा अवघडून गेला. "तुम्ही केलीत का ही?" बाईंनी विचारलं. त्यानं मान हलवली. "काम छान आहे. खोटं कशाला बोलू? चावता येतं, बोलता येतं. पण आरशात बघितलं ना, की असं वाटतं, कुणीतरी माझी फिरकी घेतंय." आणि काय वाटतं ते कळावं म्हणून त्या हसल्या. त्यानं पाहिलं. बाईंच्या गोऱ्या, गुबगुबीत चेहऱ्यात खालच्या अंगाला त्याचा मोठा भाऊ, दादा, हसत होता. खुर्चीशेजारच्या भांड्यात नळ बारीक ठिबकत होता आणि त्याचा वॉशर बदलायला झालाय, एवढंच त्याच्या मनात आलं. डॉक्टरीणबाईंनी पोलादी पट्टी बाईंच्या दातांवर आडवी धरली. "हा बघा. वरचा, डावीकडचा दुसरा. थोडा आत वळलाय. मला वाटलं, मुद्दामच केलात. हल्ली तुमच्या सगळ्याच कामात असतो तो, आणि खरं सांगू का, त्यामुळेच कवळी खरी वाटते. मी तर सगळ्यांना सांगते, मास्तरांचा हात हल्ली जिवंत झालाय." सरळ करून देतो, असं म्हणून त्यानं कवळी डब्यात घातली आणि डबा खिशात टाकला. बाईंनी लगेच ओठ मिटून तोंडावर रुमाल धरला.

घरी येताना तो नेहमीच्या रस्त्यानं आला नाही. सगळ्याच कामात, हे दोन शब्द त्याच्याबरोबर चालत होते. तयार दात मेणात बसवले की त्यांचा फोटो काढून दवाखान्यात पाठवायचा त्याचा शिरस्ता होता, त्यामुळे सगळी कामं फोनमध्ये होती. घराचा पुढच्या अंगाचा खण म्हणजे त्याची कामाची खोली. तिथं स्टुलावर बसून तो फोटो मागं मागं सरकवत गेला. त्याच्या डोळ्याला सगळे दात सरळ दिसत होते. मग त्यानं ड्रॉवरमधली पट्टी काढली आणि फोनच्या काचेवर धरली. वाकडा. पुढचा फोटो, वाकडा. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात आलेल्या एका म्हाताऱ्या सुताराची कवळी, एका निवृत्त पोस्टमनची, बाकी ज्यांचा फक्त नंबर माहीत अशा चाळीस-बेचाळीस जणांच्या कवळ्या, आणि प्रत्येकीत वरचा डावीकडचा दुसरा दात एकाच कोनात, आत वळून, शेजारच्या सुळ्याला खांदा लावून उभा. आठ महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारच्या पलीकडे गेल्यावर मात्र दात पट्टीला लागून सरळ होते. त्या गुरुवारी कुणी कामाकडे पाहिलं नव्हतं. त्या गुरुवारी दादाला स्मशानात नेलं होतं.

तो दात दादाचा होता. म्हणजे मूळचा दादाचा होता, आणि तो पाडला होता यानं. याचं वय सात, दादाचं चौदा. मैदानातल्या वरखाली होणाऱ्या फळीच्या झोक्यावर एका टोकाला दादा वर गेलेला आणि खालच्या टोकाला हा बसलेला. हा उतरला, फळी सुटली, दादा खाली आपटला आणि उलटून आलेल्या फळीचं टोक त्याच्या तोंडावर बसलं. एवढंच झालं होतं. पण दादाच्या तोंडी ही गोष्ट पडली आणि दादाबरोबर मोठी होत गेली. आधी हा उतरला होता, मग यानं उडी मारली, मग उडी मारायच्या आधी दादाकडे बघून डोळे मिचकावले, आणि दादाच्या लग्नापर्यंत हा पोट धरून हसतही होता. चारचौघांत दादा हाक मारी, "ए दातपाड्या, दाखव रे, कसा उतरला होतास ते!" मग यानं उठायचं आणि उडी मारून दाखवायची. लोक हसायचे. दहाव्या वर्षी यानं उडी मारली, पंचविसाव्या वर्षी मारली, आणि चाळिशी उलटल्यावर गुडघा धरलेला असतानाही मारली. पुढं पुढं त्याला स्वतःलाच कळेनासं झालं, की आपण तेव्हा उतरलो होतो की उडी मारली होती. रडल्याचं आठवे, पण हसल्याचंही आठवू लागलं होतं. शिक्षण संपल्यावर काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा तोही दादानंच सोडवला. "तू माझा दात पाडलास ना? आता जन्मभर लोकांचे बनव." सगळ्यांना ही कल्पना फार पसंत पडली. दादानंच ओळख काढून त्याला कामाला लावलं, दादानंच स्वतःच्या घराचा पुढचा खण त्याला दिला, त्याचं लग्न जमेना तेव्हा "इथंच राहा, वहिनी करून घालेल" असंही दादाच म्हणाला. दादा वाईट माणूस नव्हता. याला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग यायचा नाही, फक्त दिवसातून दहा वेळा मानेमागं काहीतरी आखडायचं.

दादासाठी एका दाताची प्लेट यानंच केली होती. टाळूला लागून बसणारा गुलाबी तुकडा, नखापेक्षा थोडा मोठा, त्याला पुढं तो एक दात आणि शेजारच्या दातांना धरून ठेवायला दोन बाजूंना दोन बारीक तारा. पहिल्यांदा यानं दात सरळ लावला होता. दादानं तो लगेच परत आणला. "वाकडा लाव. जसा होता तसा. सरळ लावलास तर लोक विसरतील." मग दादाच्या लहानपणीच्या फोटोवर भिंग धरून यानं तो कोन शोधून काढला. ती प्लेट म्हणजे दादाचं खेळणं झालं. विचार करताना तो ती जिभेनं खाली पाडी आणि वर दाबून बसवी, टक, टक. बोलता बोलता, पेपर वाचता वाचता, टक. पाहुण्यांच्या पाण्याच्या पेल्यात प्लेट टाकून तो त्यांची तोंडं बघत बसे. वहिनींच्या चहाच्या कपात तर आठवड्यातून एकदा तरी. पहिल्या वेळी वहिनी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, आणि तेव्हा त्या ओरडल्या होत्या त्याची नक्कल दादा त्या अठ्ठावन्नाच्या होईपर्यंत त्यांच्यासमोर करून दाखवी. वहिनी हसत. उठून कप विसळून आणत, प्लेट धुऊन त्याच्या हातावर ठेवत आणि दुसरा चहा करून घेत. रोज झोपायच्या आधी ती घासून ठेवायचं कामही त्यांचंच होतं. पण दुपारच्या झोपेला दादा ती काढत नसे.

मग एके दिवशी दादा प्लेट घेऊन पुढच्या खोलीत आला. "सैल झालीय रे, दातपाड्या. आवळून दे." आणि समोरच्या स्टुलावर बसून राहिला. तारेला पक्कडीनं एक चिमटा घेतला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. यानं पक्कड उचलली, तार धरली, आणि कापली. डावीकडची मुळापासून कापली आणि उजवीकडची घासून इतकी गुळगुळीत केली की तिला धरायला काही उरलं नाही. हात शांत होता. प्लेट एवढी लहान आहे की ती सुटली तर घशातून कुठंही जाऊ शकते, झोपेत तर नक्कीच, हे त्याला ठाऊक होतं. धंद्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. ते ठाऊक असलेला माणूस आणि पक्कड धरलेला हात एकाच अंगाला जोडलेले होते, पण त्या दुपारी त्यांची गाठ पडली नाही, असं तो नंतर स्वतःशी म्हणे. मग स्वतःच स्वतःला विचारी, उतरलास की उडी मारलीस? दादानं प्लेट तोंडात घातली, जिभेनं पाडली, पुन्हा वर नेली. टक. आवाज आधीपेक्षा मोठा आला. दादा खूश झाला. "वा! आता मस्त वाजते." तीन आठवडे ती तशीच वाजत राहिली. या तीन आठवड्यांत परत मागून ती नीट करून द्यावी असं त्याला रोज सकाळी वाटे आणि रोज दुपारी वाटेनासं होई.

बुधवारी दुपारी भिंतीवर हात वाजला. कामाची खोली आणि दादाच्या खाटेची खोली यांच्यामध्ये पातळ भिंत होती, आणि पाणी हवं असलं, पंखा वाढवायचा असला की दादा खाटेवरूनच भिंतीवर तीनदा मारी. त्या दिवशी तीन झाले. चौथा झाला. मग त्याला मोजणी राहिली नाही. मध्येच एक आवाज आला, दादाचा म्हणता येईल असा नाही, पंपात पाणी नसताना येतो तसा. याच्या हातात कुणाची तरी कवळी होती. यानं पायाजवळचं बटण दाबलं आणि मोटर सुरू केली. मोटर सुरू झाली की बाकी काही ऐकू येत नाही. त्यानं कवळीला आधी जाड भुकटी लावली, मग बारीक, दातांच्या मागची कड, सुळ्याच्या पोटाशी साचणारा पांढुरका थर, सगळं मन लावून स्वच्छ केलं. इतकी चकाकी त्या कवळीला गरजेचीही नव्हती. मग मोटर बंद केली. चाक थांबेपर्यंत उभा राहिला. आत गेला तेव्हा दादाचा हात भिंतीला टेकलेला होता आणि डोळे उघडे होते. लांब चिमटा त्यानं बरोबर आणला होता, म्हणजे काय झालं असेल हे त्याला आत जायच्या आधीच माहीत होतं. प्लेट काढून त्यानं ॲप्रनच्या खिशात टाकली, दादाचे ओठ मिटवले, आणि "वहिनी!" अशी हाक मारत जिन्याकडे धावला. वहिनी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन येतच होत्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कपड्यांची चळत होती, टॉवेल खाली, त्यावर चादरी, वर दादाचे शर्ट. हे तेव्हा त्याला दिसलं, आणि बघितलेलं तो काही विसरत नसे, पण त्याचा अर्थ लावायला तेव्हा वेळ नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी एकसष्ट वय ऐकलं, छातीवर नळी ठेवली आणि हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं.

प्लेट फेकून देणं सोपं होतं. पण तीस वर्षं तो बारीकसारीक तुकडा जपून ठेवत आला होता. त्याच्या हातून काही फेकलं जात नसे. त्यानं रबराच्या साच्यात प्लास्टर ओतलं, त्यात प्लेट बुडवली, घट्ट झाल्यावर ठोकळा काढला आणि जबड्यांच्या फळीवर मागच्या रांगेत ठेवून दिला. त्यावर नंबर घातला नाही. नंतरचे दिवस बरे गेले, हे सांगायला त्याला लाज वाटली असती, पण खरं तेच होतं. झोप लागत होती, जेवण जात होतं. भेटायला येणारे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "सावरा स्वतःला, आता वहिनींना तुमचाच आधार." तो मान हलवी. मनाचा कोपरा न् कोपरा त्यानं तपासला होता आणि कुठंही काही हललेलं नव्हतं. आपण फार थंड काळजाचे आहोत, अशी स्वतःची ओळख करून घेऊन तो कामाला लागला होता. आणि या सगळ्या काळात, त्याच्या नकळत, त्याचे हात रोज एकेका अनोळखी तोंडात दादाचा दात रोवत होते.

हे कळल्यावर त्यानं आधी शहाण्यासारखा उपाय केला. त्या हसतमुख बाईंची नवी कवळी मेणात बसवताना त्यानं पट्टी लावून दात सरळ केला. तो सरळ दात त्याला भयंकर वाकडा दिसत होता, पण त्यानं पट्टीवर विश्वास ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि आत जाऊन चहा घेतला. परत आल्यावर फडकं उचललं आणि पट्टी धरली. दात वळलेला होता. खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं. अंगठ्याच्या पेराला मेण लागलं होतं, अजून मऊ. त्यानं तो अंगठा बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. आत जाताना की बाहेर येताना? चहा घ्यायला आपण गेलो तरी होतो का? पुन्हा सरळ केला, आणि या वेळी हात पाठीमागं बांधून, एक मनगट दुसऱ्या हातात धरून, सबंध तास दाताकडे बघत बसला. तास संपला, फोन वाजला, तो बोलला, ठेवला, आणि पट्टी लावली तर दात परत दादाचा. त्या दिवसापासून तो रस्त्यानं खाली बघून चालू लागला. बँकेच्या रांगेत पुढचा माणूस कुणाशी तरी बोलताना मागं वळून हसला तर हा रांग सोडून बाहेर येई. बसच्या खिडकीतून एक म्हातारी कुणालातरी हात करताना हसली. तो हात आपल्यासाठी नव्हे हे याला कळलं, पण हसू ओळखीचं होतं. चाळीस-बेचाळीस तोंडं. गावात एवढी माणसं दादासारखी हसत फिरत होती आणि त्यांच्यापैकी कुणालाही दातपाड्या कोण हे माहीत नव्हतं. पश्चात्ताप म्हणतात तो हाच का, हे त्याला ठरवता येईना. त्याला दादाबद्दल वाईट वाटत नव्हतं. त्याला फक्त भीती वाटत होती, आणि भीतीच्या तळाशी एक विचित्र इच्छा होती, की त्यांच्यातल्या एकानं थांबवून चारचौघांत मोठ्यांदा हाक मारावी.

अशात वहिनी पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे वरचे सगळे दात काढून तीन महिने झाले होते, हिरड्या भरून आल्या होत्या, आणि तोंड आत गेल्यामुळे त्या एकदम सत्तरीच्या दिसू लागल्या होत्या. "भावजी, माझं माप कधी घेताय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हरकत नाही." त्यानं सांगून पाहिलं, की हल्ली डोळे साथ देत नाहीत, दुसऱ्या एका चांगल्या कारागिराकडे देतो. वहिनी म्हणाल्या, "घरचा माणूस असताना बाहेर कशाला? आणि मला दवाखान्यातली ती खुर्ची नको. इथंच घ्या." माप दवाखान्यात डॉक्टरनं घ्यायचं असतं, पण घरच्यांचं माप घरी घ्यायचं, हा त्याचा आणि त्याच्यासारख्या सगळ्यांचा चोरटा रिवाज होता. दादाचंही माप याच स्टुलावर घेतलेलं. आता हा दात वहिनींच्या तोंडात जाणार, त्या रोज सकाळी आरशात बघणार आणि आरशातून नवरा त्यांच्याकडे बघून हसणार, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याच क्षणी त्याचं ठरलं. वहिनींना सांगायचं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, त्या "काय?" म्हणतील, "का?" म्हणतील, त्याला उत्तर देत, हे त्याला जमणारं नव्हतं. त्यानं विचार करून रविवारची सकाळ ठरवली आणि आदल्या दिवशी पाण्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवली. मापाची गुलाबी भुकटी पाण्यात कालवली की ती तोंडात दोन मिनिटांत घट्ट होते. पाणी गार असेल तर चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यांना बोलता येणार नव्हतं.

रविवारी वहिनी स्टुलावर ताठ बसल्या. गळ्याभोवती टॉवेल, हात मांडीवर. रबरी वाटीत भुकटी कालवून त्यानं ती ट्रेमध्ये भरली, ट्रे त्यांच्या टाळूला लावला आणि दोन बोटांनी दाबून धरला. "नाकानं श्वास घ्या. बोलायचं नाही, हलायचं नाही. हललात तर माप बिघडेल." त्यांनी पापणी मिटून हो म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, दादाला मी मारलं." हे वाक्य त्यानं कधी मोठ्यांदा म्हटलं नव्हतं. ते म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. "हृदय बंद पडलं नव्हतं. प्लेट घशात गेली होती. ती जावी म्हणून मी तिची तार कापली होती, ते ती आवळून घ्यायला आले त्या दिवशी. झोपेत गेली. त्यांनी भिंतीवर हात मारले. मला ऐकू आले. मी मोटर लावली. कवळी पूर्ण होईपर्यंत बंद केली नाही. मग आत जाऊन प्लेट काढली आणि तुम्हाला हाक मारली. ती त्या मागच्या ठोकळ्यात आहे. का केलं, ते मला सांगता येत नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं." काटा एक फेरी फिरून दुसरीत गेला होता. बोलायचं संपलं होतं आणि माप अजून ओलं होतं; एवढं थोडं बोलायचं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. उरलेला वेळ दोघं तसेच राहिले. वहिनींची नजर समोरच्या फळीवर होती. त्यांचा नाकातला श्वास त्याच्या बोटांवर येत होता, एकसारखा. वाटीतल्या उरलेल्या गोळ्यावर त्यानं अंगठा दाबला, ठसा उमटला नाही. त्यानं एका झटक्यात ट्रे काढला आणि सवयीनं आधी मापाकडेच पाहिलं.

माप खोटं बोलत नाही, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. माणूस किंचित दचकला तरी कडेला लाट उठते, त्यानं आवंढा गिळला तर मागं घडी पडते. कुणाला खुर्चीची भीती वाटली, कुणाला ओकारी आली, हे त्याला माणूस न पाहता मापावरून सांगता येई. या मापात काहीही नव्हतं. टाळूवरच्या रेघा, हिरडीची कड, ओठाच्या आतली बारीक दोरी, सगळं पाण्यात पाहावं तसं स्वच्छ उतरलं होतं. चार मिनिटांत वहिनींच्या तोंडातला एक स्नायूसुद्धा हलला नव्हता. इतकं निर्दोष माप त्यानं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते हातात धरून त्याला पहिल्यांदा घाम फुटला.

वहिनींनी चूळ भरली, हनुवटी पुसली. "नीट आलं का?"

"आलं."

"पुन्हा घ्यायला नको ना?"

"नको."

त्यांनी टॉवेल गळ्यातून काढला आणि मांडीवर ठेवून त्याची घडी घातली. "मी जिन्यातच होते, भावजी," त्या म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द मऊ होऊन येत होते. "भिंतीवरचे हात मलापण ऐकू आले. जिन्यात तर जास्तच घुमतं. मी वरून तिसऱ्या पायरीवर बसले आणि कपड्यांच्या घड्या घातल्या. तुमची मोटर चालू होती तोवर घालत राहिले. मोटर थांबली, मग उठले."

टॉवेल खाली, त्यावर चादरी, वर दादाचे शर्ट. वाळलेले कपडे गच्चीवरून नेहमी चुरगळलेले बोचक्यात येत आणि त्यांच्या घड्या खाली खाटेवर होत, हे तो अडतीस वर्षं पाहत आला होता. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

आठ महिने तो ज्या आरोपाची नकळत वाट पाहत होता तो आरोप या खोलीत आता कुणी करणार नव्हतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या छातीत कुठंतरी खोल, कधी नव्हे ते, दादाबद्दल काहीतरी दाटून आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस भिंतीवर हात मारत होता, आणि त्याला वाचवायला घरात दोन माणसं होती. तो स्टुलावर बसला आणि रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्या थांबल्या, त्याचं आटपल्यावर घडी घातलेला टॉवेल त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "माप आकसेल ना? ओता त्यात काय ते." इतकी वर्षं या घरात राहून त्यांना हेही माहीत झालं होतं. त्यानं प्लास्टर कालवलं, ट्रे हलवत हलवत ते रेघांमध्ये उतरवलं. "आणि तो दात माझ्या तोंडात नको," वहिनी दारातून म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई कौतुक करत होत्या, तेव्हाच मी ओळखलं. माझा सरळ बसवा."

"मला सरळ दिसत नाही, वहिनी. हात ऐकत नाही."

"मी बघते."

बुधवारी त्यांनी स्वयंपाकघरातलं आटपून दुसरं स्टूल आणलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. चष्मा लावून त्या बसल्या. त्यांच्या प्लास्टरच्या जबड्यावर त्यानं मेणात एकेक दात लावत नेला, मधले दोन, उजवीकडचे, आणि शेवटी डावीकडचा दुसरा. मागच्या रांगेतला बिननंबरी ठोकळा होता तिथंच होता; त्याबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नव्हतं आणि आता बोलणारही नव्हतं. त्यानं गरम सुरीच्या टोकानं दात वळवला. "अजून थोडा," वहिनी म्हणाल्या. त्यानं वळवला. "अजून." त्यांनी हात पुढं करून त्याचं मनगट धरलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना धरतात तसं, आणि स्वतःच किंचित फिरवलं. "हां. आता सरळ."

त्याला तो दात पार वाकडा दिसत होता. पट्टी ड्रॉवरमध्ये होती. त्यानं ड्रॉवर उघडला नाही. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी पुन्हा तापवली आणि मेण पक्कं केलं. "उद्यापासून बाकीच्यांचेपण मीच बघत जाईन," असं म्हणून वहिनी चहा टाकायला आत गेल्या.